झील कोणी धरायची?

१९६९ सालच्या पावसाळ्यात अकरा आठवड्यांच्या आत महाराष्ट्राने तीन आवाज गमावले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले. २९ ऑगस्टला इंदापूरजवळ रस्त्यावरच्या अपघातात शाहीर अमर शेख गेले. अण्णा भाऊ गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जुलैला, देशातल्या चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला १९ जुलै ही तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. तिच्या अलीकडची आणि पलीकडची तारीख मात्र मला नोकरीने शिकवली नाही. ती अष्टमीतल्या आमच्या ओटीने शिकवली.

अष्टमी म्हणजे कुंडलिका नदीच्या एका काठावरचे गाव. पलीकडच्या काठावर रोहे. नगरपालिका दोघांची मिळून एक, रोहा-अष्टमी. माझ्या लहानपणी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, १९८१ साली ते रायगड झाले. आगगाडी रोह्याला पोहोचायला १९८६ साल उजाडले. तोवर मुंबईचा माणूस एस.टी.ने, अंगावर लाल धूळ घेऊन यायचा. आणि घरटी एक तरी माणूस मुंबईत असायचाच. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी जहाजावर. शिमगा आणि गणपती या दोन सणांना ही माणसे गावी यायची आणि पिशवीतून मुलांसाठी खाऊ आणायची. आमचे काका परळच्या गिरणीत होते. ते खाऊबरोबर गाणीही आणायचे.

आमच्या घरी रेडिओ उशिरा आला. त्याआधी आमच्या कानांना जे संगीत ठाऊक होते ते दोन प्रकारचे. एक भजनी मंडळाचे आणि दुसरे काकांचे. जवळच्या मोहल्ल्यातले एक चाचा गोदीत कामाला होते. सुट्टीवर आले की संध्याकाळी डफ घेऊन आमच्या ओटीवर येत. काका गायला उभे राहात, चाचा डफ वाजवत आणि आम्ही पाच-सहा पोरे मागे उभे राहून झील धरत असू. ज्यांनी कधी पोवाडा समोर बसून ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाहीर ओळ म्हणतो आणि ओळीच्या शेवटी साथीदार ती वरच्या पट्टीत उचलून धरतात. ती झील. शाहिराला तेवढ्यात श्वास घेता येतो, पुढचा शब्द आठवता येतो आणि ऐकणाऱ्याला मागचा शब्द मनात मुरवता येतो. झीलकरी नसतील तर कितीही मोठा शाहीर चौथ्या कडव्याला दमतो.

ती गाणी कोणाची, हे काका प्रत्येक वेळी सांगायचे. लिहिले अण्णा भाऊंनी, गायले अमर शेखांनी. कधी तिसरे नाव यायचे, शाहीर गव्हाणकरांचे. ही तीन नावे आम्हां मुलांना राम-लक्ष्मण-भरतासारखी एका दमात पाठ होती. तो आमच्या बालपणीचा लाडका ताफा. नाव, लाल बावटा कलापथक. गंमत अशी की आम्ही जेव्हा ही गाणी म्हणत होतो तेव्हा ते कलापथक मूळ रूपात उरलेही नव्हते. तिघांच्या वाटा केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या. पण गावात गाणी उशिरा पोहोचतात आणि पोहोचली की लवकर जात नाहीत.

अमर शेखांना मी प्रत्यक्ष एकदाच ऐकले. १९६५च्या युद्धानंतर दिवाळीच्या सुट्टीत काकांनी मला मुंबईला नेले होते. परळच्या एका मैदानात काकांच्या खांद्यावर बसून मी तो माणूस पाहिला. चेहरा दूरवरून नीट दिसला नाही. आवाज मात्र असा आला की ध्वनिक्षेपक कशासाठी लावला आहे असा प्रश्न पडावा. त्या आवाजाला लोक पहाडी म्हणत. मला त्यात घाटावरच्या उघड्या माळाचा मोकळेपणा जाणवला. आमच्या कोकणातल्या झाडीत आवाज असा फेकायची सवय गळ्याला नसते.

हा आवाज कुठून आला ते समजायला पुढे नोकरी उपयोगी पडली. ऐंशीच्या दशकात माझी बदली सोलापूर जिल्ह्यात झाली आणि कामानिमित्त बार्शीला जाणे-येणे सुरू झाले. कुर्डुवाडीहून तेव्हा अरुंद रुळांची छोटी गाडी बार्शीला जायची. ज्वारीच्या शेतांमधून ती इतकी सावकाश जाई की बाहेरचा माणूस काय गुणगुणतो तेही डब्यात ऐकू यावे. याच बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल या मुलाचा जन्म झाला. आईचे नाव मुनेरबी. तिच्या ओठांवर लोकगीते होती, ओव्या होत्या. पुढे ज्याच्या गळ्याची अवघ्या महाराष्ट्राने वाखाणणी केली त्याने पहिले गाणे या माउलीकडून घेतले. मुसलमान घरातली बाई मराठी ओव्या म्हणते याचे त्या काळी बार्शीत कोणाला नवल नव्हते. अष्टमीतही ते कोणाला वाटले नसते.

घरची गरिबी, त्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले. मेहबूब मोटारगाडीवर क्लीनर झाला, मग गिरणीत कामगार झाला. गिरणी कामगारांच्या लढ्यात पुढे आला, स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरला आणि विसापूरच्या तुरुंगात गेला. तिथे त्याला कम्युनिस्ट विचारांची माणसे भेटली. त्या पिढीतल्या कितीतरी जणांचे खरे शिक्षण तुरुंगात झाले. सुटल्यावर तो कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत पोहोचला. मेहबूब पटेलचा अमर शेख झाला तो याच कोल्हापूरच्या दिवसांत. चित्रपटाची दुनिया समोर असताना हा तरुण तिथे रमला नाही. मुंबईला आला आणि कामगार वस्तीचा झाला.

मुंबईत तेव्हा माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाटेगावहून आलेले अण्णा भाऊ साठे राहात होते. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला हा माणूस स्टालिनग्राडच्या वेढ्यावर पोवाडा रचत होता. द. ना. गव्हाणकर हे तिसरे, स्वतः कवी आणि शाहीर. १९४४च्या सुमारास या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली तेव्हा ती बातमी गिरणगावातल्या निरक्षर माणसाला वर्तमानपत्रातून कळली नाही, ती या शाहिरांच्या पोवाड्यांतून कळली.

कलापथकाचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. मूळ साचा तमाशाचा. ढोलकी, हलगी, तुणतुणे, डफ, झांज. पण गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि राबणाऱ्या माणसांना वंदन. गौळण आणि तिची छेडछाड वगळलेली. वगात राजा-राणीऐवजी सावकार, गिरणीमालक आणि त्यांना सामील असलेला पुढारी. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ हे अण्णा भाऊंचे वग म्हणजे हसवत हसवत अर्थशास्त्र शिकवणारे वर्ग होते. मी बँकेत कर्जाच्या व्याजाची गणिते अनेक वर्षे केली. सावकाराचे चक्रवाढ व्याज गरिबाच्या घरात कसे शिरते ते ‘अकलेची गोष्ट’ने मला आधीच समजावून दिले होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले. लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. तमाशाला लोकनाट्य हे नाव रूढ झाले ते याच ओढाताणीत. सरकारे बदलतात, पण गाण्याची भीती सर्वांना सारखीच असते असे मला वाटते. भाषण करणाऱ्याला अटक करता येते. गाणे मात्र अटक होण्याच्या आत दुसऱ्याच्या तोंडात गेलेले असते.

या काळातली दोन गाणी माझ्या मते कलापथकाची सर्वोत्तम. पहिली ‘मुंबईची लावणी’. पठ्ठे बापूरावांनी पूर्वी मुंबईच्या वैभवाचे वर्णन करणारी लावणी रचली होती. अण्णा भाऊंनी तिला जणू उत्तर दिले. मलबार हिल दाखवली आणि लगेच तिच्या शेजारी परळ आणून ठेवले. ऐकणारा स्वतःच परळचा. त्याला तुलना समजावून सांगावी लागत नव्हती, नुसते बोट दाखवायचे होते.

दुसरे गाणे ‘माझी मैना’. हेही अण्णा भाऊंचे. अमर शेखांच्या गळ्यातून ते महाराष्ट्रभर गेले आणि विठ्ठल उमपांनी पुढे गायलेले आजही ऐकायला मिळते. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, एवढीच कथा. तिचे रूप, तिचे दागिने, निघतानाची तिची उदासी. आमच्या अष्टमीत हे गाणे लागले की ओटीवरचे पुरुष हसत आणि माजघरातल्या बायका गप्प होत. त्यांतली प्रत्येकजण कोणाची तरी गावी राहिलेली मैना होती. काकूंना मी त्या वेळी कधी पदर डोळ्यांना लावताना पाहिले नाही. त्या तांदूळ निवडत बसत. फक्त निवडण्याचा वेग मंद होई.

आणि मग गाणे वळण घेते. बायकोचा विरह हा हळूच तुटलेल्या महाराष्ट्राचा विरह होतो. बेळगाव, कारवार, निपाणी यांची ताटातूट त्या मैनेच्या रूपात उभी राहते. राजकीय मागणी घरातल्या दुःखाशी अशी शिवलेली की उसवता येऊ नये. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ठिणगी गावोगाव पोहोचली त्याचे एक कारण मला हे गाणे वाटते. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. चळवळीत शंभरावर माणसे बळी पडली. अत्रे लिहीत आणि बोलत होते, अमर शेख गावोगाव गात होते. अत्र्यांनी त्यांची तुलना रशियाच्या मायकोव्हस्कीशी केली होती. ज्यांना मायकोव्हस्की माहीत नव्हता त्यांनाही अमर शेख पुरेसे होते.

इथे मला आमच्या नदीपलीकडच्या एका माणसाची आठवण करून द्यायची आहे. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. बँकेतल्या आम्हां लोकांत त्यांचे नाव आदराने घेतले जाई. १९५२ साली ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले, देशाचे अर्थमंत्री होते आणि मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. एकीकडे संस्कृतचा व्यासंग असलेला, आय.सी.एस. परीक्षेत चमकलेला अर्थतज्ज्ञ. दुसरीकडे बार्शीच्या मोटारगाडीवरचा क्लीनर. दोघांची कधी भेट झाली की नाही, त्याने काही बिघडत नाही. एकाने राजीनामा दिला, दुसऱ्याने गाणे दिले. कुंडलिकेच्या काठच्या माणसांना दोन्ही गोष्टींचा सारखाच अभिमान वाटत असे. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. मैना मात्र पुरती घरी आली नाही. सीमाभागाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. गाणे अजून संपलेले नाही.

अमर शेख केवळ दुसऱ्यांचे शब्द गाणारे नव्हते. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक ही त्यांची स्वतःची कमाई. होळकरांवर आणि उधमसिंगावर त्यांनी पोवाडे रचले. ‘युगदीप’सारखी नियतकालिके चालवली. तरीही लोक त्यांना गायक म्हणूनच ओळखत आणि मला त्यात त्यांचा कमीपणा दिसत नाही. स्वतः कवी असलेला माणूस दुसऱ्या कवीची रचना आपल्या रचनेहून जास्त वेळा, जास्त जीव ओतून गातो ही गोष्ट साहित्याच्या क्षेत्रात किती दुर्मीळ आहे ते मी कादंबरीकार म्हणून सांगू शकतो.

गोवामुक्तीसाठी ते गायले. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा कम्युनिस्ट पक्षात या प्रश्नावर दोन तट पडले आणि १९६४ साली पक्षच दुभंगला. अमर शेखांच्या मनात गोंधळ नव्हता. हिमालयावरचे बर्फ पेटल्याचे त्यांचे गीत त्या वर्षी महाराष्ट्रभर गाजले आणि संरक्षण निधीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. बर्फ पेटते ही कल्पना आम्हां कोकणातल्या पोरांना फार आवडे. आमच्यापैकी कोणी बर्फ पाहिले नव्हते, बाजारातल्या बर्फाच्या गोळ्याखेरीज.

चित्रपटांतही ते दिसले. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’मध्ये आणि १९६१च्या ‘प्रपंच’मध्ये. ‘प्रपंच’मधला संसाराच्या ओझ्याखाली खचणारा कुंभार मी पुढे तरुणपणी पाहिला. मैदाने गाजवणारा तो माणूस पडद्यावर इतका हळू बोलतो, इतका वाकून चालतो की हाच तो शाहीर यावर विश्वास बसू नये. मोठ्या आवाजाच्या माणसाला गप्प बसण्याचे मोल कळले होते.

ते गेले तेव्हा त्रेपन्न वर्षांचे व्हायला दोन महिने कमी होते. कवयित्री म्हणून पुढे नाव मिळवलेली त्यांची मुलगी मलिका तेव्हा बारा वर्षांची होती, म्हणजे माझ्याच वयाची. तिने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेले आत्मचरित्र, ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’, मी वाचले तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की त्या ऑगस्टमध्ये आमच्या ओटीवर एक सूर गेला आणि एका घरातून बाप गेला. चळवळीतल्या माणसाच्या चरित्रात हे घर नेहमी शेवटच्या पानावर येते.

आता मुद्द्याचे बोलतो. २०१६ साली अमर शेखांची जन्मशताब्दी झाली, २०२० साली अण्णा भाऊंची. मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचे अध्यासन आहे. अण्णा भाऊंच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, पुतळे उभे राहिले. हे सारे व्हायलाच हवे होते. पण मला खटकते ते वेगळेच. अण्णा भाऊंची जयंती आता मुख्यतः एका समाजाच्या वस्तीत होते. अमर शेखांची आठवण काढताना आपण पुरोगामी मुसलमान शाहीर असे विशेषण आधी लावतो आणि गाणे मागून. गव्हाणकर तर दोन्ही यादींतून गळाले. ज्या तिघांनी एका ढोलकीवर उभे राहून एकमेकांची झील धरली, त्यांना आपण तीन वेगवेगळ्या कपाटांत ठेवले. प्रत्येक कपाटाची किल्ली वेगळ्या माणसाकडे. ताफा फोडून वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक छायाचित्र येते. गाणे कोणाच्याच वाट्याला येत नाही, कारण ते तिघांचे मिळून होते.

आमच्या ओटीवर हा प्रश्न कधी पडला नाही याचे श्रेय मी आमच्या थोरपणाला देणार नाही. भांडणे अष्टमीतही होत. बांधावरून, पाण्यावरून, मिरवणुकीच्या रस्त्यावरून होत. पण संध्याकाळी डफ वाजला की चाचा आमचे आणि गाणे त्यांचे, असा हिशेब होता. मातंग समाजातल्या कवीचे शब्द, मुसलमान शाहिराची चाल, डफावर मोहल्ल्यातला हात आणि मागे आम्ही. कोणी आम्हाला सलोख्याचा धडा म्हणून ते शिकवले नव्हते. ते फक्त फार चांगले गाणे होते आणि एकट्याने म्हणता येत नव्हते.

अमर शेखांनी जितकी मैदाने गाजवली त्या मानाने त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे फार थोडी. त्यांचा आवाज परत आणणे आपल्या हाती नाही. पण झील धरणे आहे. माझी एक साधी सूचना आहे, रोहा-अष्टमीतल्या आणि इतर गावांतल्याही मंडळांसाठी. १ ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीला, अमर शेखांची गाणी गावीत. २० ऑक्टोबरला, अमर शेखांच्या जयंतीला, अण्णा भाऊंची. दोन्ही दिवशी एखादी रचना गव्हाणकरांची. गायला एक चांगला गळा पुरे. मागे उभे राहायला मात्र वेगवेगळ्या आळ्यांतली पाच-सहा पोरे लागतील. ती गोळा करण्याचे काम गाण्यापेक्षा अवघड आहे. गणपतीच्या तालमी सुरू होण्याआधी हाती घेतले तर जमेल.